नव्वद लाखाला एक कमी

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं गंजणार नाही. छोटीने लगेच वही आणली. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सदुसष्ट, निवृत्त मास्तरीण, पण अजून छोटीच. तिने पहिल्या पानावर सुविचारासाठी ओळ आखून ठेवली आहे. ती मी कोरीच ठेवतोय.

लिहायचं तरी काय? आमच्या घराचा क्रमांक ३९१. बघणाऱ्याला वाटतं ही मूळ संख्या आहे, हिला कुणी भागू शकत नाही. प्रत्यक्षात सतरा गुणिले तेवीस. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. बाकी विशेष काही नाही.

५ मार्च, बुधवार

आज विशेष आहे.

संशोधन संस्थेतल्या एका बाईंचं पत्र आलं. आमच्या आकडेमोड खात्याने तयार केलेली अवयवांची जुनी कोष्टकं त्यांनी संगणकाकडून तपासून घेतली. एखादी मोठी संख्या कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनते, हे सांगणारी ती जाडजूड पुस्तकं. आमचा खंड पंच्याऐंशी लाख ते नव्वद लाख. त्यावर आम्ही साडेतीन वर्षं घालवली. संगणकाने किती वेळ घेतला? चार सेकंद. हे त्यांनी लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

पुढे लिहिलंय, ‘पूर्ण खंडात चूक फक्त एक सापडली. हे आश्चर्यकारक आहे.’ वाचून छाती फुगली. मग पुढची ओळ. चूक शेवटच्या कागदावरच्या शेवटच्या संख्येत आहे. ८९,९९,९९९. तिच्यापुढे आम्ही ‘मू’ लिहिलं होतं, म्हणजे मूळ. ती मूळ नाही. २९९९ गुणिले ३००१.

शुद्धिपत्र छापायचंय. त्यात त्या कागदाच्या दोन्ही गणकांची नावं देण्याची पद्धत आहे, तर हरकत नाही ना, असं विचारलंय. दोन गणक म्हणजे मी आणि शून्यबाई.

जेवण गेलं नाही. माझं ठीक आहे, मी काय, चुकणाराच होतो. पण शून्यबाई?

६ मार्च, गुरुवार

तो हॉल आठवत बसलो. बारा टेबलं, सहा जोड्या. जोडीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. दोघांना एकच कागद, एकाच संख्या. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या जाळ्या कागदावर ठेवून, लहान भाजकांनी जाणाऱ्या सोप्या संख्या आधीच गाळलेल्या असत. उरलेल्या चिवट संख्या आमच्या वाट्याला. पेन्सिलीने लिहायचं, खोडरबराला बंदी, चुकलं तर आडवी रेघ. कागद सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ वर टाकायची. शेवटी दोन्ही कागद ताळासाहेबांकडे. ते दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवून ताळा बघत. ताळासाहेब म्हणायचे, “दोन माणसं एकाच ठिकाणी एकच चूक करत नाहीत. केली, तर ती चूक नसते.”

कागद जुळले नाहीत की चुकणाऱ्याच्या नावापुढे लाल शेरा. वर्षात तीन शेरे झाले की बदली, थेट पाठवणी विभागात, आठ तासांच्या अंतरावर. वर्षाच्या शेवटी यादी भिंतीवर लागे. माझ्या जोडीदारीणबाईंच्या नावापुढे दरवर्षी शून्य. म्हणून शून्यबाई. त्यांच्या समोरही सगळे तसंच म्हणत, त्यांना ते आवडायचं.

मला त्या घंटीवाले म्हणायच्या. हाताने दांडा फिरवायची गणनयंत्रं होती. भाजक एकदा जास्त वजा झाला की आतली घंटी वाजे, मग एक फेरी उलटी घ्यायची. शून्यबाईंचं यंत्र कधी वाजत नसे. फेरी कुठे थांबवायची हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. माझं दिवसभर टिंग टिंग. आणि संख्येचा अवयव सापडला की मी टेबलावर दोनदा टकटक करायचो. ती सवयच. पाठीमागून त्या म्हणायच्या, “सापडला का?” बोलायचं नाही हा नियम त्यांनी मोडला तो एवढ्या दोन शब्दांपुरता. मी दिवसातून आठ-दहा वेळा टकटक करायचो, तितक्याच वेळा ते दोन शब्द. साडेतीन वर्षं.

किती दिवसांत हे आठवलं नव्हतं. हॉलमध्ये पेन्सिलींच्या लाकडाचा वास असायचा. आज तो नाकात आला, अगदी खरा.

८ मार्च, शनिवार

छोटीला पत्र दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, “दादा, ही म्हणजे नव्वद लाखाला एक कमी.”

“ते मलाही दिसतंय.”

“नव्वद लाख म्हणजे तीन हजाराचा वर्ग. वर्गातून एक वजा केला की एका बाजूला एक कमी, दुसऱ्या बाजूला एक जास्त. २९९९ आणि ३००१. मी हे पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंय. यंत्र कशाला लागतं?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आम्ही भागाकार करणारी माणसं. संख्या आली की तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, सरळ भागायला लागायचं. नाकासमोर चालणारा मी.

माझी चूक कुठे झाली तेही सापडलं, कारण भाजकांचं ते कार्ड मी जपून ठेवलंय. तीन हजारापर्यंतच्या मूळ संख्या एकूण चारशे तीस. कार्डाच्या पुढच्या बाजूला अकरा रकाने, प्रत्येकात एकोणचाळीस, म्हणजे चारशे एकोणतीस. शेवटची २९७१. उरलेली एकटी २९९९ कार्डाच्या पाठीवर छापलेली. मी २९७१ ने भागलं असणार, भागाकार ३०२९, बाकी ८४०. कार्ड संपलं म्हणून थांबलो. भागाकार भाजकाहून मोठा आहे तोवर थांबायचं नाही, हा साधा नियम. पण शनिवारची संध्याकाळ होती, साडेतीन वर्षांचं काम संपत होतं, मी कार्ड उलटलंच नाही.

“तू चुकलास हे समजू शकते,” छोटी म्हणाली. “पण ती? तिला तीन हजाराचा वर्ग दिसला नाही?”

“तेच तर म्हणतोय मी! शून्यबाईसुद्धा चुकल्या!”

खरं सांगायचं तर थोडा आनंद झाला होता. वहीत खोटं कशाला लिहू? साडेतीन वर्षं मी त्या शून्याखाली दबून होतो. शेवटी आम्ही सारखेच निघालो.

छोटीने विचारलं, “त्या वर्षी तुझे लाल शेरे किती होते?”

“दोन.”

“हं,” म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

१० मार्च, सोमवार

तो शेवटचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

इतर जोड्या निघून गेल्या होत्या. मी शेवटची संख्या भागत होतो. पाठीमागे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं शून्यबाईही माझ्याइतक्याच अडकल्यात. कार्ड संपलं, मी ‘मू’ लिहिलं, यंत्रावर कव्हर घातलं. वेळ टाकली, पाच वीस. त्यानंतर पाचेक मिनिटांत त्यांनीही कागद दिला.

ताळासाहेबांनी दोन्ही कागद दिव्याखाली धरले. शेवटच्या चौकटीवर फार वेळ थांबले. मी म्हटलं, तिसरा शेरा, चला पाठवणी विभागात. मग त्यांनी चष्म्यावरून आधी शून्यबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. दोन माणसं एकच चूक करत नाहीत, केली तर ती चूक नसते. आणि शिक्का मारला. मी इतका खूश झालो की टेबलावर उगाच टकटक केली. शून्यबाई “सापडला का?” म्हणाल्या नाहीत. पिशवी आवरत होत्या.

मला पुढच्या खंडावर कायम ठेवलं. तीन महिन्यांनी आत्याने स्थळ आणलं, लग्न ठरलं. मिठाईचा डबा पहिल्यांदा शून्यबाईंच्या टेबलावर नेला, कारण जोडीदार त्या. त्यांनी एक तुकडा घेतला, “अभिनंदन, घंटीवाले,” म्हणाल्या. आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली. कुठे? पाठवणी विभागात! लोक जिथे शिक्षा म्हणून जायचे तिथे. मला तेव्हा राग आला होता. निरोपही धड घेतला नाही. काय बिनसलं होतं कोण जाणे. नंतर मला एक नवा जोडीदार मिळाला, त्याचंही यंत्र माझ्यासारखंच वाजायचं. दोघांनी मिळून घंटानाद.

१३ मार्च, गुरुवार

संस्थेतल्या बाईंना फोन केला. त्यांनी शून्यबाईंनाही पत्र पाठवलंय, उत्तर नाही. निवृत्तीनंतर त्या परत इथेच आल्या, भाच्याकडे राहतात. पत्ता मिळाला. बसने चाळीस मिनिटं. इतकी वर्षं चाळीस मिनिटांवर!

ठरवलंय, जायचं आणि सांगायचं की तुमचं नाव येऊ देणार नाही. चूक माझ्या एकट्याच्या नावावर जाऊ दे. त्यांचं शून्य मोडायला नको.

१५ मार्च, शनिवार

जाऊन आलो.

दुसरा मजला. दाराची बेल दाबली. आतून आवाज, “घंटीवाले?”

भाच्याने दार उघडलं. शून्यबाई खिडकीपाशी खुर्चीत. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. डोळे जवळजवळ गेलेत.

“ओळखलंत कसं?” मी विचारलं.

“बेलवर इतका वेळ बोट ठेवून दुसरं कोण उभं राहणार? बसा.”

भाच्याने चहा ठेवला आणि तो खोकी बांधायला आत गेला. घरभर खोकी होती. त्याची दूर बदली झालीय, येत्या रविवारी, तेवीसला, सगळे जाणार. बाईही.

मी विषय काढला. पत्र भाच्याने त्यांना वाचून दाखवलं होतं.

“मग उत्तर का दिलं नाहीत?”

“म्हटलं, तुम्ही काय म्हणता ते आधी बघू.”

मी कार्डाच्या पाठीचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, “मी लिहून देतो, बाईंचा कागद बरोबर होता, पुढे नक्कल करताना गोंधळ झाला. फक्त माझं नाव छापा.”

“खोटं लिहून देणार? तुम्ही?”

“तुमचं शून्य राहील.”

त्यांनी चहाचा कप चाचपून घेतला, दोन घोट घेतले. “शून्य सांभाळून काय करायचंय हो मला? दोघांची नावं छापू दे. एकाखाली एक.”

“पण तुम्ही चुकलात कशा? तीन हजाराचा वर्ग तुम्हाला झोपेतसुद्धा दिसला असता.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही यंत्रावर कव्हर घातलंत ना, तो आवाज आला. मला कळलं, तुम्ही थांबलात.”

“म्हणजे तुम्हाला घाई झाली?”

“तसं म्हणा.”

मग म्हणाल्या, “मंडळी कशा होत्या?”

“तिला जाऊन आठ वर्षं झाली.”

“ते माहीत आहे. मी विचारलं, कशा होत्या.”

“चांगली होती. मनमोकळी. फार बोलायची.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आवाज लागतो.”

निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या, भिंतीला हात लावत. बाई आता फार हळव्या झाल्यात. वयाचा परिणाम असणार.

१६ मार्च, रविवार

छोटीला कालचं सगळं शब्दशः सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच धरून तिने विचारलं, “कव्हरचा आवाज आला, असं म्हणाली ती?”

“हो.”

“आणि तू विचारलंस, घाई झाली का?”

“मग काय विचारणार?”

“दादा, तुझे डोळे तपासायला हवेत की डोकं, तेच कळत नाही मला.”

भांडण झालं. मी दोन्ही नावं छापायला संमती असल्याचं पत्र टाकून आलो. शून्यबाईंनी सांगितलं तसं, एकाखाली एक.

२० मार्च, गुरुवार

संस्थेतल्या बाईंनी छोटीच्या मोबाइलवर त्या शेवटच्या कागदाचे दोन्ही स्कॅन पाठवलेत. सह्या आमच्याच आहेत ना, एवढं कळवायचंय.

आधी माझा कागद. अक्षर काय सुंदर होतं तेव्हा! शेवटच्या चौकटीत ‘मू’, ऐटीत, त्याच्या उकाराला मी लांब शेपूट काढलंय.

मग त्यांचा. सगळा कागद मोत्यासारखा. शेवटच्या चौकटीत मात्र ‘मू’च्या खाली काहीतरी मळकट. छोटीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. कागद खोडरबराने घासलेला. खोडरबर! शून्यबाईंनी! त्या पेन्सिल फार टोकदार ठेवायच्या आणि दाबून लिहायच्या. त्यामुळे घासलं तरी कागदावरचा ठसा गेला नव्हता. २९९९, फुली, ३००१.

छोटीने बोट वर सरकवलं. कागद संपवल्याची वेळ. पाच पंचवीस. आणि तिच्याखाली, तशीच घासलेली, आधीची वेळ. चार दहा.

चार दहाला त्यांचं काम झालं होतं. उत्तर बरोबर होतं. त्या उठून गेल्या नाहीत. सव्वा तास पाठ करून बसून राहिल्या आणि माझी घंटी ऐकत राहिल्या. मी टकटक करतोय का याची वाट बघत राहिल्या. मी टकटक केली नाही, कव्हर घातलं. तेव्हा त्यांना कळलं की मी काय लिहिलंय आणि उद्या माझी रवानगी कुठे होणार आहे.

आणि ताळासाहेबांनी ते दिव्याखाली पाहिलं होतं. त्यांनाही कळलं. छोटीला मी नुसतं तोंडी सांगितलं तरी कळलं. संपूर्ण जगात एका माणसाला कळलं नाही, आणि तो माणूस तीन महिन्यांनी मिठाईचा डबा घेऊन त्यांच्याच टेबलापाशी गेला.

पुढे लिहवत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळपासून हिचा फोटो पुसत होतो. हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे इथे लिहून ठेवायलाच हवं. संसार चांगला झाला. ती आजारी असताना रात्र रात्र मी तिचा हात धरून बसलोय, ते काही खोटं नव्हतं. मग हे आता छातीत काय होतंय? एक बरोबर होतं म्हणून दुसरं चूक ठरत नाही. संख्यांमध्ये असं नसतं. तिथे एक तर मूळ, नाही तर नाही.

मला राग येतोय तो स्वतःचा. पाठीमागे हातभर अंतरावर एक माणूस होतं आणि मी कधी वळून पाहिलं नाही. का, तर नियम होता.

परवा त्या जाणार. छोटी म्हणाली, “उद्या जाऊन ये.” मी म्हणालो, आता काय उपयोग, बैल गेला आणि झोपा केला. ती म्हणाली, “बैल रविवारी जाणार आहे. आज शुक्रवार आहे.”

२२ मार्च, शनिवार

गेलो. आज बेल दाबलीच नाही. दार उघडंच होतं, सामान चाललं होतं. शून्यबाईंची खुर्ची तेवढी राहिली होती आणि तिच्यासमोर एक रिकामं टेबल. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ.

येताना बसमध्ये काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. आभार मानायचे, माफी मागायची, विचारायचं की एकदा तरी बोलला का नाहीत. पण मी तिथेच टेबलापाशी उभा राहिलो, आणि हात आपोआप गेला. दोनदा टकटक.

त्यांची मान जराशी वर झाली. वळल्या नाहीत.

“सापडला का?”

“सापडला,” मी म्हणालो.

“फार वेळ लावलात, घंटीवाले. अठ्ठेचाळीस वर्षं.”

“कार्ड उलटलं नव्हतं.”

त्या हसायला लागल्या. मीही. मग मला रडू आलं आणि त्यांना ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी मागे न वळता हात मागे केला. मी तो धरला. सामान नेणारा माणूस दारात येऊन थांबला आणि परत गेला.

नंतर दोन तास बसलो. त्यांनी पाठवणी विभागातल्या गमती सांगितल्या. खंडांची पार्सलं बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आमचा खंड जिथे जिथे गेला, तो त्यांनी स्वतः बांधून पाठवला. “प्रत्येक पार्सलात एक चूक जातेय, हे मला एकटीला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “कधी पश्चात्ताप झाला नाही. तुम्ही सुखी आहात असं कळायचं, म्हणजे हिशेब बरोबर आला होता.”

“तो तुमच्या बाजूने बरोबर नव्हता,” मी म्हणालो.

“दोन्ही बाजूंनी बरोबर येईल अशी संख्या नव्हती ती.”

निघताना विचारलं, तिथे गेल्यावर पत्र लिहिलं तर चालेल का? म्हणाल्या, डोळे नाहीत, भाचा वाचून दाखवेल, त्याच्यासमोर काय लिहायचं ते जपून लिहा.

२३ मार्च, रविवार

सकाळी दहाच्या गाडीने त्या गेल्या. मी पोचवायला गेलो होतो, छोटीही आली. दोघी एकमेकींचा हात धरून बराच वेळ काही बोलत होत्या. काय ते छोटी सांगत नाही.

गाडी सुटताना भाच्याने एका कार्डावर नवा पत्ता लिहून दिला. घरी येऊन वहीत उतरवला. दोनदा ताडून पाहिला, पिन कोडसकट. जुळला. वही मिटणार होतो.

मग कार्ड उलटून पाहिलं. मागे फोन नंबर होता.